जुनी छोटी डिझेल गाडी: कागदावरचे ॲव्हरेज आणि रस्त्यावरचे ॲव्हरेज

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. कराड ते सातारा असा माझा रोजचा प्रवास आहे. जाऊन-येऊन शंभरेक किलोमीटर होतात आणि त्यातला बहुतेक रस्ता महामार्गाचा आहे. महिन्याकाठी दोन हजार ते बावीसशे किलोमीटरचा हिशेब बसतो, शिवाय सणासुदीला कुंभार्ली घाट उतरून चिपळूणला सासुरवाडीला जाणे असते. आजवर एका सहकाऱ्याच्या गाडीत वाटा उचलून भागत होते, पण त्यांची बदली झाल्यामुळे आता स्वतःची गाडी घेणे भाग आहे. चार लाखांच्या आत बसणारी जुनी डिझेल गाडी घ्यावी असे ठरवले असून २०१५ ची स्विफ्ट, २०१६ ची १.१ लिटरची ग्रँड आय-टेन आणि २०१७ ची टियागो अशा तीन गाड्या डोळ्यांसमोर आहेत.

अडचण आकड्यांची आहे. कंपन्यांनी जाहीर केलेले आकडे अनुक्रमे २५.२, २४ आणि २७.२८ किलोमीटर प्रतिलिटर असे आहेत. विकणारे मालक "बावीस-तेवीस कुठे गेले नाहीत" असे सांगतात, आणि एजंट तर तिन्ही गाड्यांना सरसकट पंचवीस देऊन मोकळे होतात. प्रत्यक्षात किती धरून चालावे आणि पाहायला गेलेली गाडी तेवढे देईल की नाही हे विकत घेण्याआधी कसे ओळखावे, एवढेच मला विचारायचे आहे. डिझेल की इलेक्ट्रिक हा वाद कृपया या धाग्यावर नको.

वेताळ टेकडी

जाहीर आकडा कुठून येतो हे आधी पाहिले, तर त्याच्यावर किती विसंबावे याचा अंदाज आपोआप येतो. पुण्यात वेताळ टेकडीवर एआरएआय ही गाड्यांच्या चाचण्या घेणारी संस्था आहे. तिथे, किंवा तशाच मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत, गाडी रस्त्यावर न चालवता फिरत्या रुळांवर, म्हणजे रोलरवर चालवतात. चाके रुळांवर फिरतात, गाडी जागेवरच राहते, आणि वाऱ्याचा व रस्त्याचा अडथळा गणिताने ठरवून रुळांवाटे दिला जातो. गाडीने कधी किती वेग धरायचा याचे वेळापत्रक ठरलेले असते. त्याचा पहिला भाग शहरी वाहतुकीचा असून त्यात सरासरी वेग ताशी वीस किलोमीटरच्याही आत राहतो, तर दुसऱ्या भागात वेग वाढतो. मूळ युरोपीय चाचणीत हा वेग १२० पर्यंत जात असे. आपल्याकडे तो ९० वरच थांबवला आहे. एसी बंद असतो, घाट नसतो, खड्डे नसतात, आणि चालक दिलेल्या रेषेवरून तसूभरही न ढळणारा असतो. किती डिझेल जळाले हेही टाकी भरून मोजत नाहीत. धुरातून बाहेर पडलेल्या कार्बनवरून ते काढतात.

यात लबाडी काही नाही. एकाच मापाने सगळ्या गाड्या मोजल्यामुळे एका गाडीची दुसरीशी तुलना करता येते आणि त्या आकड्याचे काम तेवढेच आहे. पण तुलनेलाही मर्यादा आहे. स्विफ्टमधील १२४८ सीसीचे, ७५ अश्वशक्तीचे इंजिन मुळात फियाटचे. याच इंजिनावर आधीच्या स्विफ्टचा जाहीर आकडा २२.९ होता, २०१४ च्या फेरबदलानंतर तो २५.२ झाला आणि २०१८ च्या नव्या, वजनाला हलक्या स्विफ्टमध्ये २८.४ झाला. पहिल्या आणि शेवटच्या आकड्यात साडेपाच किलोमीटरचा फरक आहे, आणि रस्त्यावर एवढा फरक कोणाला पडलेला मी तरी ऐकलेला नाही. माझा ठोकताळा असा आहे की महामार्गावर ८०-९० च्या वेगाने एसी लावून चालवल्यास जाहीर आकड्याच्या ८० ते ८५ टक्के मिळतात आणि पुण्यासारख्या शहरात ६० ते ७० टक्के. आकडा जितका नवा आणि जितका मोठा, तितकी ही टक्केवारी खाली सरकते.

गिअरबॉक्स

माझ्याकडे हेच १.३ लिटरचे इंजिन असलेली डिझायर आहे आणि वरचा ठोकताळा मला पटतो. पुण्यात सिंहगड रस्त्यावरच्या रहदारीत सोळा, फार तर सतरा मिळतात. कोल्हापूरला जाताना ८५ च्या आसपास स्थिर राहिलो तर बावीस मिळतात, आणि तीच गाडी ११० ने रेटली की अठराच्या पुढे जात नाही. वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे ८० वरून ११० वर गेल्यास तो जवळजवळ दुप्पट होतो. कृष्णाकाठ यांचा सगळा प्रवास महामार्गाचा असल्याने कोणती गाडी घेतली यापेक्षा ती कोणत्या वेगाने चालवली याचाच परिणाम त्यांना जास्त जाणवेल.

मोजण्याबद्दल एक विनंती. डॅशबोर्डवर दिसणाऱ्या आकड्यावर जाऊ नका. तो बहुधा पाच ते दहा टक्के उदार असतो. टाकी पंपाच्या नळीने आपोआप बंद होईपर्यंत भरावी, त्यानंतर "साहेब, राउंड फिगर करू का" या प्रश्नाला ठाम नकार द्यावा, टाकी बरीच रिकामी होईपर्यंत गाडी चालवावी आणि शक्यतो त्याच पंपावर, त्याच नळीने पुन्हा तशीच भरावी. एका टाकीचा आकडा लिटरभर इकडेतिकडे झाल्याने फसवा असू शकतो, म्हणून तीन-चार टाक्यांची बेरीज करून सरासरी काढणे चांगले.

हिशेबनीस

किलोमीटर प्रतिलिटर हा आकडा बोलायला छान असला तरी खिशातून जातात ते रुपये. पेट्रोल १०४ आणि डिझेल ९१ असे ढोबळ दर धरू. महिन्याला २,२०० किलोमीटर होणार असतील आणि पेट्रोल गाडी महामार्गावर १८ देत असेल, तर सुमारे १२२ लिटर म्हणजे १२,७०० रुपये लागतील. डिझेल गाडी २१ देत असेल तर सुमारे १०५ लिटर, म्हणजे साडेनऊ हजार रुपये. महिन्याला तीन हजारांहून थोडे जास्त आणि वर्षाला अडतीस हजारांच्या आसपास वाचतील. शहरात महिन्याला सहाशे किलोमीटर फिरणाऱ्याने हेच गणित मांडले, तर पेट्रोल १४ आणि डिझेल १७ धरूनही त्याची वर्षाची बचत पंधरा हजारांच्या घरात राहते, आणि जुन्या डिझेल इंजिनाची एक मोठी दुरुस्ती ती गिळून टाकते. थोडक्यात, कृष्णाकाठ यांना डिझेल परवडते. अनेकांना परवडत नाही.

आता दुसरा हिशेब करू. तुमच्या तीन गाड्यांपैकी एक २१ देते आणि दुसरी २३ देते असे समजा. २,२०० किलोमीटरला फरक पडतो नऊ लिटरांचा, म्हणजे महिन्याला आठशे-साडेआठशे रुपये आणि वर्षाला दहा हजार. सिलिंडरात डिझेल फवारणारा एक इंजेक्टर नवा घालायचा म्हटला तरी दहा हजारांच्या वर जातात. तेव्हा दोन किलोमीटर जास्त देणारी पण थकलेली गाडी घेण्यापेक्षा दोन किलोमीटर कमी देणारी निरोगी गाडी घेणे शहाणपणाचे आहे. या धाग्याचा निम्मा प्रश्न इथेच सुटतो असे माझे मत आहे.

डिझेल म्हणजे स्वस्त ही आपली समजूत ज्या काळात घट्ट झाली, तो काळही लक्षात ठेवावा. पेट्रोलचे दर २०१० च्या जूनमध्ये नियंत्रणमुक्त झाले आणि डिझेलचे २०१४ च्या ऑक्टोबरमध्ये. मधल्या चार वर्षांत दोहोंतला फरक लिटरमागे पंचवीस-तीस रुपयांपर्यंत गेला होता, आणि ज्याला त्याला डिझेल गाडी हवी होती. आज तो फरक निम्म्यावर आला आहे. डिझेलच्या बाजूने जे उरले आहे ते इंजिनाच्या गुणाचे: जास्त संपीडन, हवा कोंडणारी झडप नसणे आणि एका लिटरमध्ये पेट्रोलपेक्षा दहा-बारा टक्के अधिक ऊर्जा.

फोंडेकर

हिशेबनीस यांच्या गणिताला गोव्याची पुरवणी जोडतो. आमच्याकडे पेट्रोल महाराष्ट्रापेक्षा बरेच स्वस्त आहे, डिझेल मात्र थोडेच स्वस्त. त्यामुळे दोहोंतला फरक आठ-नऊ रुपयांवर येतो आणि फोंडा-पणजी करणाऱ्याला डिझेलचा फायदा शोधावा लागतो. बेळगावला चोर्ला घाटातून सतत ये-जा असणारे लोक मात्र अजूनही डिझेलच पसंत करतात, कारण चढावर लागणारी ओढ इंजिनाच्या कमी फेऱ्यांतच मिळते आणि पेट्रोल गाडीसारखा दुसऱ्या गिअरमध्ये आक्रोश होत नाही.

कुंभार्लीसाठी एक गोष्ट सांगावीशी वाटते. उतारावर डिझेल वाचवण्यासाठी न्यूट्रल करण्याची खोड बऱ्याच जणांना असते. कॉमन रेल इंजिनात, म्हणजे जिथे इंजेक्टरवर संगणकाचा ताबा असतो अशा हल्लीच्या डिझेल इंजिनात, गाडी गिअरमध्ये ठेवून पाय उचलला की इंजेक्टर डिझेल सोडायचे थांबतात आणि चाकेच इंजिन फिरवतात. न्यूट्रल केले की इंजिनाला स्वतःहून चालू राहावे लागते, म्हणजे उलट डिझेल जळते, आणि सगळा भार ब्रेकवर येतो तो वेगळाच. ज्या गिअरमध्ये घाट चढता, त्याच गिअरमध्ये उतरावा.

राइनकाठचा मराठी

मी जर्मनीत राहतो आणि इथे जुनी डिझेल पोलो वापरतो. इथे हिशेब उलटा मांडतात: शंभर किलोमीटरला किती लिटर. सवय व्हायला वेळ लागला, पण आता हीच पद्धत सरळ वाटते. एक हजार किलोमीटर अंतरासाठी १० देणारी गाडी १२ देऊ लागली तर जवळजवळ सतरा लिटर वाचतात. २० देणारी २४ देऊ लागली तर आठच लिटर वाचतात. मुळात चांगल्या असलेल्या आकड्यात भर घालण्याचा मोबदला कमी मिळतो, हे आपल्या पद्धतीत झाकले जाते.

वेताळ टेकडी यांनी ज्या युरोपीय चाचणीचा उल्लेख केला, ती इथे २०१७ च्या सप्टेंबरपासून बदलायला सुरुवात झाली आणि तिची जागा अधिक वेगवान, अधिक वास्तववादी चाचणीने घेतली. तोवर लोकांनी स्वतःचा मार्ग काढला होता. स्प्रिटमॉनिटर नावाच्या संकेतस्थळावर मालक आपापल्या टाक्यांची नोंद करतात, आणि जुनी गाडी घेणारा प्रत्येक जण तिथे डोकावतो. एकाच मॉडेलच्या नोंदींमध्येही शंभर किलोमीटरला लिटर-दीड लिटरचा फरक दिसतो. तो गाडीचा कमी आणि उजव्या पायाचा जास्त असतो.

कृष्णाकाठ

सर्वांचे आभार. हिशेबनीस यांच्या आकड्यांमुळे मी तीन गाड्यांतल्या फरकाचा विचार सोडून देत आहे आणि जी गाडी अंगाने धडधाकट सापडेल ती घ्यायची असे ठरवत आहे. एका मित्राने सीएनजीचा आग्रह धरला, पण सध्या रोज सकाळी पंपावरची रांग धरणे मला जमणारे नाही. आता प्रश्न असा आहे की टेस्ट ड्राइव्हच्या अर्ध्या तासात टाकी मोजता येत नाही. मग गाडी डिझेल पिते की नाही हे कसे ओळखायचे?

बारा-तेराचा पाना

इचलकरंजीत माझे गॅरेज आहे आणि हेच काम रोज चालते, म्हणून सविस्तर लिहितो.

गाडी पाहायला जाण्याआधी मालकाला फोन करून "सुरू करून ठेवू नका" असे स्पष्ट सांगा, आणि पोहोचल्यावर बॉनेटला हात लावा. गरम असेल तर चहा घ्या, तासभर थांबा. थंड इंजिन एका फटक्यात सुरू व्हायला हवे. बराच वेळ स्टार्टर फिरला आणि नंतर पांढरा धूर आला, तर हीटर (थंड इंजिनाला ऊब देणारा प्लग), नोझल (म्हणजे इंजेक्टर) किंवा कॉम्प्रेशन (सिलिंडरातला दाब) यांपैकी कशात तरी बिघाड आहे.

इंजिन गरम झाल्यावर ते चालू असतानाच ऑइल भरण्याचे झाकण सैल करून तसेच वर ठेवा. झाकण हलके थरथरले तर ठीक. ते उड्या मारू लागले किंवा आतून धापा टाकल्यासारखा धूर येऊ लागला, तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या आहेत. सिलिंडरात कोंडायचा दाब खाली निसटतो आणि तेवढ्याच कामाला जास्त डिझेल लागते. अशी गाडी कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये.

त्यानंतर तापमान पाहावे. साधा स्कॅनर लावून महामार्गावर फेरी मारली, तर पाण्याचे तापमान ८५-९० अंशांवर जाऊन तिथेच स्थिरावले पाहिजे. चढाला ८५ आणि सपाटीला लागलो की ६५-७० असे होत असेल, तर थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप) उघडा अडकलेला आहे किंवा गाडी तापत होती म्हणून कोणीतरी तो काढूनच टाकला आहे. आपल्याकडे हा उद्योग सर्रास चालतो. इंजिन थंडच आहे असे समजून संगणक डिझेल जास्त सोडत राहतो आणि लिटरमागे एक-दोन किलोमीटर सहज जातात. मालकाला वाटते गाडी म्हातारी झाली. खरे तर तो भाग फारसा महाग नसतो. मात्र तो मुद्दाम काढलेला असेल, तर गाडी का तापत होती हे शोधल्याशिवाय व्यवहार करू नका.

गाडी चालवताना चौथ्या किंवा पाचव्या गिअरमध्ये पन्नासच्या आसपास असताना एकदम पाय दाबा. इंजिनाचा आवाज चढला आणि वेग मागे राहिला तर क्लच प्लेट संपत आली आहे. फेरी संपवताना ब्रेक फार न मारता गाडी थांबवा आणि चारही चाकांच्या रिंगांजवळ हात नेऊन पाहा. एकच रिंग चटका देण्याइतकी गरम असेल तर तिथला ब्रेक सुटत नाही, आणि मग उत्तम इंजिनही आपले अर्धे श्रम त्या चाकावर खर्च करते.

शेवटी नोझलची रिटर्न टेस्ट. हिच्यासाठी मात्र ओळखीचा मेकॅनिक सोबत हवा. इंजेक्टरची परतीची नळी काढून प्रत्येकाला पारदर्शक बाटली लावतात आणि इंजिन काही मिनिटे चालू ठेवतात. सगळ्या बाटल्यांत साधारण सारखे डिझेल जमले तर उत्तम. एक बाटली बाकीच्यांच्या दुप्पट भरली, तर तो इंजेक्टर आतून गळतो आहे. टियागोला आणि १.१ च्या ग्रँड आय-टेनला तीन सिलिंडर, म्हणजे तीन बाटल्या, स्विफ्टला चार. मालक या चाचणीला नकार देत असेल, तर तो नकारही माहितीच आहे.

टायरचा आकारही पाहून घ्या. स्विफ्टच्या व्हीडीआय या डिझेल प्रकाराला मुळात १६५/८० आर १४ असतात. हौसेने कोणी १९५/६५ आर १५ बसवले असतील, तर चाकाचा घेर अडीच टक्क्यांच्या आसपास वाढतो. मीटरवर एक हजार दिसतात तेव्हा गाडी प्रत्यक्षात हजार आणि वर वीस-पंचवीस चाललेली असते, म्हणून ॲव्हरेज आहे त्यापेक्षा कमी निघते. डिझेलच्या नळीला बांधायचे लोहचुंबक आणि टाकीत ओतायच्या बाटल्या यांनी ॲव्हरेज वाढलेली एकही गाडी माझ्या गॅरेजात आलेली नाही.

गिअरबॉक्स

फारच उपयुक्त. एक भर घालतो: २०२० च्या एप्रिलनंतरची बीएस-६ (प्रदूषणाच्या नव्या, कडक निकषांची) डिझेल गाडी कोणी पाहत असेल तर तिला काजळी अडवणारा फिल्टर असतो, आणि ती काजळी जाळण्यासाठी गाडी अधूनमधून जादा डिझेल वापरते. सतत छोट्या अंतरावर चालवल्यास हे वरचेवर घडते आणि ॲव्हरेज पडते. मारुतीने तर त्या वेळी डिझेल बंदच केले, त्यामुळे या अंदाजपत्रकात बहुतेक गाड्या बीएस-४ च येतील.

कृष्णाकाठ

शेवटचा प्रश्न. एका विक्रेत्याकडे दिल्ली पासिंगची २०१७ ची स्विफ्ट आहे. मीटर ६०,००० दाखवते आणि किंमत इथल्या गाड्यांपेक्षा सत्तर-ऐंशी हजारांनी कमी आहे. साताऱ्यातच दुसरी आहे, तिचे १,२०,००० झाले आहेत, पण मालक औषध कंपनीत फिरतीवर असल्याने गाडी कायम पुणे-कोल्हापूर रस्त्यावर असे. मन साहजिकच पहिलीकडे ओढते.

हिशेबनीस

किंमत कमी असण्याचे कारण उघड आहे. दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांना दिल्ली परिसरात मज्जाव करणारा आदेश राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये दिला आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये तो कायम ठेवला. पुढे त्यात शिथिलताही आली, पण तिथल्या बाजारात अशा गाड्यांचे भाव पडायचे ते पडलेच आणि त्या इतर राज्यांत येऊ लागल्या. किमतीतल्या फरकातून तिकडच्या आरटीओची एनओसी, महाराष्ट्रातला रस्ता कर, नव्या नोंदणीचा खर्च आणि एजंटची फी वजा करा. हाती फारसे उरत नाही.

बारा-तेराचा पाना

कागदपत्रांचे हिशेबनीस यांनी सांगितलेच आहे, मी इंजिनाचे सांगतो. मीटरवर किलोमीटर दिसतात, इंजिन चाललेले तास दिसत नाहीत. शहरातल्या रहदारीत सरासरी वेग ताशी वीस धरला, तर ६०,००० किलोमीटरला इंजिन ३,००० तास चालले. महामार्गावर सरासरी साठ धरली, तर १,२०,००० किलोमीटरला २,००० तासच होतात. शिवाय शहरात इंजिन अर्धवट तापलेले, क्लच सतत दबलेला आणि ईजीआर व्हॉल्व्ह (थोडा धूर पुन्हा इंजिनात सोडणारी झडप) काजळीने भरत जाणारा असतो. या तिन्हींचा फटका ॲव्हरेजला बसतो. हे सगळे मीटर खरे आहे असे धरून, कारण ते मागे फिरवायला तासभरही लागत नाही. पेडलचे रबर किती झिजले आहे ते पाहा आणि नोंदणी क्रमांकावरून अधिकृत सर्व्हिस सेंटरमधल्या जुन्या नोंदी काढून घ्या.

साताऱ्याची गाडी आधी पाहा. फिरतीवरच्या माणसाला कंपनी किलोमीटरप्रमाणे भत्ता देत असेल, तर त्याच्याकडे डिझेलच्या पावत्या किंवा निदान एखादी वही असण्याची शक्यता बरीच आहे. ती मागा. रिटर्न टेस्टसाठी मालकाची तयारी असेल, तर येण्याच्या आदल्या दिवशी इथेच निरोप टाका. बाटल्या मी तयार ठेवतो. सोमवारी गॅरेज बंद असते.